मोंबासाहून आलेला कढीलिंब

कुणाच्याही घरी गेले की ते लगेच बसत नसत. दारातली तुळस असो नाहीतर गॅलरीतल्या डब्यातली मिरची, तिचं एक पान हलक्या हाताने उलटं करून खालची बाजू बघत. मग चपला काढत. "पुढून सगळेच छान दिसतात," असं म्हणत आणि चहाला हो म्हणत.

मुलुंडच्या आमच्या सोसायटीत ते माझ्या समोरच्या ब्लॉकमध्ये राहत. मी शाळेत शिकवत होते, ते गोदीत नोकरीला होते. परदेशातून बोटीने येणारं बियाणं, रोपं, फळं तपासायची आणि त्यातून कीड नाहीतर रोग देशात शिरू द्यायचा नाही, हे त्यांचं काम. सोसायटीने त्यांचं नाव ठेवलं होतं 'कीडवाले'. त्यांना ते ठाऊक होतं. दारावरची पाटी रंगवायला पेंटर आला तेव्हा त्यांनीच त्याला विचारलं होतं, की नावाखाली कंसात तेही बसेल का.

असा माणूस शेजारी असणं सोपं नव्हे, हे तुम्हालाही पटेल. तिसऱ्या मजल्यावरच्यांचा जावई बोटीने आला, तेव्हा त्याने आणलेली फळांची करंडी गोदीतच राहिली. तिसरा मजला महिनाभर धुमसत होता. एकदा जिन्यात मीच त्यांना विचारलं, की दोन फळांनी देशाचं काय बिघडणार होतं?

"सही देशाने केली आहे," ते म्हणाले. हे त्यांचं नेहमीचं वाक्य.

मग समजावून सांगितलं. एका देशाची कीड दुसऱ्याच्या शेतात जाऊ नये म्हणून बऱ्याच देशांनी मिळून करार केला आहे. त्यावर आपलीही सही आहे. "आधी ती सही. मग सहीसाठी कायदा, कायद्यासाठी नियम, नियमासाठी ऑफिस, आणि ऑफिसात मी. करार दिल्लीत होतो हो, पण पाळायचा असतो गोदीत."

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांची थोरली बहीण मोंबासाहून कायमची परत आली. यजमान तिकडेच वारले होते, मूलबाळ नव्हतं. यांनी लग्न केलं नव्हतं आणि आईच्या पश्चात यांना वाढवलं होतं ते ताईंनीच. ताई येणार म्हणून ते आठवडाभर घर घासत होते. नवीन पडदे लावले. माझ्याकडून मोदकांची कृती समजून घेतली आणि करून पाहिले. ते मोदक आहेत हे मात्र त्यांनी सांगितल्यावरच आम्हाला कळलं.

ताई बोटीवरून उतरल्या त्या हातात एक डबा घेऊन. डब्यात कढीलिंबाचं रोप होतं.

तुम्ही म्हणाल, कढीलिंब? तो तर भाजीवाला कोथिंबिरीबरोबर फुकट देतो. पण हा साधा नव्हता. मालाडला त्यांच्या आईच्या अंगणात जे झाड होतं, त्याचा फुटवा ताईंनी लग्नानंतर मोंबासाला नेला होता. आई तर आधीच गेली होती, पुढे मालाडचं अंगणही इमारतीखाली गेलं. उरलं होतं ते हेच.

ताईंनी पुढे मला सगळं सांगितलं. यांनी डबा हातात घेतला, पान उलटून पाहिलं आणि म्हणाले, "हे आत येणार नाही."

"अरे, इथूनच तर नेला होता."

"नेलास तेव्हा इथला होता. आता मुळांना तिकडची माती आहे."

"मग मलाही घेऊ नकोस. मीही इतकी वर्षं तिकडचंच पाणी प्यायले."

"तुला लस टोचलीय, ताई."

आजूबाजूचे हसले. ताई हसल्या नाहीत. यांचे वरिष्ठसुद्धा म्हणाले, की जाऊ द्या, घरचंच माणूस आहे, कोण बघतंय? हे म्हणाले, "मी बघतोय." रोप भट्टीत गेलं. ते काम शिपायाचं असतं, पण यांनी ते स्वतः केलं.

त्या दिवसापासून ताई त्यांच्याशी बोलेनाशा झाल्या. राहत त्यांच्याच घरी, स्वयंपाकही करत, पण बोलणं माझ्यामार्फत. "त्याला विचार गं, आमटीत मीठ बरोबर आहे का." हे समोरच जेवत असत. ते मला म्हणत, "ताईला सांगा, झकास आहे." मी दोघांच्या मध्ये टपालपेटीसारखी बसलेली.

एकदा त्यांना एकटं गाठून मी विचारलं, की एवढं काय होतं त्या रोपात? ते म्हणाले, आफ्रिकेत लिंबा-संत्र्यांच्या बागा वाळवणारी एक बारीक कीड आहे आणि कढीलिंब त्याच कुळातला. इथून नागपूर गाठायला तिला तिकीट लागत नाही.

"रोपावर होती ती?"

"मला दिसली नाही," ते म्हणाले. "दिसली असती तर बरं वाटलं असतं."

त्यानंतर ते दर रविवारी कुठेतरी जाऊ लागले. संध्याकाळी परत येत तेव्हा चपलांना वाळू असे. डिसेंबरातल्या एका शनिवारी ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "उद्या ताईला घेऊन मालाडपुढे मार्वेच्या धक्क्यावर याल? माझ्याबरोबर नाही यायची ती."

आम्ही मार्वेहून बोटीने खाडीपलीकडच्या मनोरी गावाला गेलो. ताई बोटीच्या एका टोकाला, हे दुसऱ्या. मनोरीत एका कौलारू घरापुढे लुगडं नेसलेली, गळ्यात क्रूस घातलेली एक म्हातारी बसली होती. पूर्वी ती मालाडला भाजी विकायला येई आणि दुपारची यांच्या आईकडे पाणी प्यायला थांबे. यांना ती आठवली होती, पण नाव आठवत नव्हतं. म्हणून इतके रविवार घरोघर विचारत हिंडत होते.

म्हातारीने ताईंचे गाल कुरवाळले आणि हाताला धरून मागे विहिरीकडे नेलं. तिथे कढीलिंबाचं दाट बेट माजलं होतं. तुझ्या आईने फुटवा दिला तो एका अटीवर, ती सांगू लागली, याची पानं विकायची नाहीत. सारी भाजी विकली मी, पण हा आजवर नाही विकला.

ताईंनी एक पान चुरगाळून नाकाशी धरलं. हे मागे खुरपं घेऊन उभे.

"बघतोस काय नुसता?" ताई म्हणाल्या. "खण."

ते मटकन खाली बसले आणि खणू लागले. मध्येच चष्मा काढून पुसला. घाम फार येतो म्हणाले. विहिरीवर छान गार वारा सुटला होता.

परतताना रोप ताईंच्या मांडीवर होतं. त्यांनी विचारलं, "मार्वेला अडवणार नाहीस ना?" यांनी गंभीरपणे क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "देशातल्या देशात चालतं."

निवृत्त झाल्यावर दोघं मनोरीलाच एक लहानसं घर घेऊन राहायला गेली. काही वर्षांनी ते वारले तेव्हा मी गावी होते, शेवटचं दर्शन झालं नाही. म्हणून मला ते दिसतात ते मार्वेच्या धक्क्यावरचे, आम्ही निरोप द्यायला गेलो होतो त्या दिवशीचे. बोटीत भांड्यांची पोती, गुंडाळलेल्या गाद्या आणि त्यांच्या मधोमध ते. ताई बोलत होत्या. किल्ली कुठे ठेवलीस, टोपी का नाही घातलीस, सरक जरा, भिजशील. बोट खाडीत लहान लहान होत गेली, माणसं ओळखू येईनाशी झाली, तरी पाण्यावरून ताईंचा आवाज येतच होता, आणि एक डोकं निमूटपणे हलत होतं.