तोंड न बघता विकलेलं मडकं

माझा भाऊ लिसानियास गेल्या वसंतातल्या नाटकांच्या उत्सवात रडला आणि अख्खं अथेन्स त्याच्याबरोबर रडलं. लोक अजून मला कुंभारआळीत थांबवून सांगतात, "ताई, तुमच्या भावाचा काय तो आवाज! काळीज हललं हो." मी ऐकून घेते. तोंड उघडलं तर त्यातून काय बाहेर पडेल याचा मला भरवसा नाही.

तो काही राजा झाला नव्हता. राजाचं सोंग घेणारे नट वेगळे असतात. लिसानियास गाणाऱ्या म्हाताऱ्यांच्या घोळक्यातला, सगळ्यांसारखाच पांढऱ्या दाढीचा मुखवटा लावलेला. पण घोळक्यात आवाज ऐकू येतो तो त्याचाच. भट्टीचा धूर खाऊन खाऊन त्याच्या गळ्याला एक खरखर आली आहे, ती दुःखाच्या गाण्याला फार शोभते. दुःख शोभवण्यात माझा भाऊ पहिल्यापासून हुशार. सोसायची वेळ आली की मात्र त्याला भट्टीवर काम निघतं. त्याची बायको शेवटच्या घटका मोजत होती तेव्हाही हा भट्टीपाशीच बसला होता. "आच सोडून कसा येऊ, ताई? माल फुटेल." माल फुटला नाही. बायको गेली. पदरात फिलिरा, एवढीशी पोर. मी नुकतीच विधवा होऊन माहेरी आले होते. तिला मीच वाढवलं.

माणूस वाईट नाही, असं सगळे म्हणतात. दारूच्या नशेत कुणावर हात टाकला नाही, मापात कधी खोट केली नाही. शेजारी लसूण विकणारी म्हातारी त्याला रोज शिव्या घालते आणि तो तिला रोज हसवतो. त्याच्या चांगुलपणाला हात-पाय होते, फक्त डोळे नव्हते. बघितलं की काहीतरी करावं लागतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तो बघतच नसे.

आमच्या आळीत एक रीत आहे. मडकं घेणारी कुठलीही बाई आधी बोटाच्या पेराने ते वाजवून बघते. खणखणीत वाजलं तर घासाघीस, बद्द वाजलं तर शिवी. पण एखादी बाई तोंड झाकून येते, रुंद तोंडाचं मडकं मागते, ते वाजवत नाही आणि सांगेल तो भाव देते. ती कशाला आली ते कुंभाराला कळतं. घरात नको झालेलं मूल त्या मडक्यात घालून वेशीबाहेरच्या डोंगरावर ठेवायचं असतं. मग कुंभार मडकं जमिनीवर ठेवतो आणि ती जाईपर्यंत पाठ करून बसतो. तिचं तोंड पाहिलं तर विटाळात आपलाही वाटा येतो म्हणे.

"अरे, एकदा तरी विचार की, कुणाचं लेकरू आहे ते," मी त्याला कितीदा म्हटलं.

"ताई, कुंभाराने मडकं विकावं. आत काय शिजतं ते विचारू नये."

उचलली जीभ लावली टाळ्याला. लसूणवालीसुद्धा त्या दिवशी हसली नाही.

फिलिराचं लग्न आम्ही बंदरातल्या आर्खिप्पोसशी लावून दिलं. तेलाचा व्यापारी, खाऊन-पिऊन सुखी. सोबत आमच्या घरची दासी मानिया पाठवली, म्हणजे पोरीला परक्या घरात एक ओळखीचं माणूस. पहिली मुलगी झाली. आर्खिप्पोसने तिला पाचव्या दिवशी चुलीभोवती फिरवून घरात घेतलं, पण चेहरा आंबट करूनच. चुलीभोवती फिरवेपर्यंत मूल घराचं नसतं, बापाच्या मर्जीचं असतं. दुसऱ्या खेपेला फिलिराला दिवस गेले तेव्हा तो जेवताना म्हणाला, "या वेळी मुलगाच हवा. तेलाचे बुधले विकून दोन-दोन मुलींचे हुंडे द्यायला मी काही राजा नाही." लिसानियास शेजारीच बसला होता. त्याने माशाचा काटा काढला आणि मासा फार ताजा आहे असं सांगितलं.

उत्सव तोंडावर आला तेव्हा निरोप आला, मूल मेलेलंच जन्मलं. मी जायला निघाले तर जावयाने कळवलं, बाळंतीण तापाने फणफणली आहे, कुणी येऊ नये. लिसानियासला तालमी होत्या. तो दुकानात बसूनही गातच होता.

आणि मग तो खेळ. मी बायकांच्यात, अगदी वरच्या पायरीवर बसले होते. एक राजा एका कैद्याला परका समजून मारायला सांगतो. कैदी म्हणतो, एकदा माझ्याकडे नीट बघ. राजा बघत नाही. मागून कळतं की तो त्याचाच लहानपणी हरवलेला मुलगा. राजा आत जातो, डोळे फोडून घेतो आणि रक्ताळलेल्या मुखवट्याने चाचपडत बाहेर येतो. तेव्हा माझ्या भावाने असा काही हंबरडा फोडला की माझ्या पुढची जाडी बाई ओक्साबोक्शी रडली. मीही रडले. खोटं कशाला सांगू?

आमच्या नाटकाला पहिलं बक्षीस मिळालं. दुसऱ्या दिवशी दुपारी लिसानियास डोक्यावर आयव्हीच्या वेलीचा मुकुट मिरवत अंगणात बसला होता, आणि मानिया दारात येऊन उभी राहिली. पाय धुळीने भरलेले. बंदरापासून धावत आली होती.

"बाई, मला मारा," ती म्हणाली. "मूल मेलेलं नव्हतं. मुलगी होती. चांगली धडधाकट. मालकिणीला शुद्ध नव्हती, मालकांनी तेवढ्यात माझ्या हातात दिली. म्हणाले, डोंगरावर ठेवून ये, नाहीतर तुला खाणीत विकतो."

लिसानियास म्हणाला, "हरामखोर! या आर्खिप्पोसला मी..."

"धनी, मडकं मी तुमच्याकडनंच नेलं."

त्याने डोक्यावरचा मुकुट चाचपला.

"बंदरात कुंभार थोडे आहेत का? पोरीला छातीशी धरून मुद्दाम इथवर आले. म्हटलं, धनी मला ओळखतील. मी वाजवलं नाही, तुम्ही पाठ केलीत. मी पदर काढला तोंडावरचा. उभी राहिले, किती वेळ उभी राहिले. हाक मारायची हिंमत नव्हती, मालकांचा माणूस कोपऱ्यावर होता. तुम्ही एकदा वळून बघितलं असतं तरी सुटले असते. तुम्ही बघितलंच नाही."

मी त्याच्या डोक्यावरचा तो मुकुट ओढून काढला आणि त्याला तसाच डोंगराकडे घेऊन गेले. मानियाने जागा दाखवली. मडकं होतं, आमच्याच भट्टीचं. आत काही नव्हतं. दुपटंही नव्हतं. कुत्र्यांनी नेलं असतं तर चिंध्या उरल्या असत्या. म्हणजे कुणीतरी उचलून नेली होती. एखाद्या वांझोटीने पोटाशी धरायला, नाहीतर एखाद्या दलालाने मोठी करून विकायला. देव जाणे.

तिथून थेट बंदर गाठलं. जावई गोदामात होता. फिलिरा खाटेवर उशीला टेकून बसली होती, ओठ सुकलेले. मी सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. ती रडली नाही. तिने बापाकडे पाहिलं.

"पोरी, मला माहीत नव्हतं," लिसानियास म्हणाला. गळ्यात तीच खरखर, कालच्या रंगभूमीवरची. "देवाशपथ. मला ठाऊकच नव्हतं की ती..."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "हे सोंग इथे नको! त्या राजाला निदान डोळे फोडून घ्यायची लाज तरी होती. तुझी नात नसती तर चालली असती का रे ती? आजवर पाठ करून विकलीस ती मडकी कुणाच्या नातींची होती?"

"ताई, रीतच आहे..."

"रीत घाल चुलीत!"

फिलिराने हात वर करून मला थांबवलं. "बाबा," ती अगदी हळू म्हणाली, "मानिया एवढा वेळ उभी होती. बाळ रडलं का तेव्हा?"

त्याने दाराकडे तोंड फिरवलं. बाहेर कुणीतरी तेलाचे बुधले उतरवत होतं.

"रडत होतं," तो शेवटी म्हणाला. "म्हणून मी गाण्याचा आवाज चढवला."

माझा हात उठला होता. पण फिलिरा खाटेवरून खाली उतरली, भिंतीला धरत उभी राहिली आणि मानियाकडून चपला मागून घेतल्या.

"मी तिला ऐकलंसुद्धा नाही," ती म्हणाली. "तुम्ही ऐकलंत. उठा. वेशीपासून एकेका दारात जायचंय. कुठल्या घरात रडतेय ते तुम्हाला ओळखावं लागेल."

"पोरी, तुझ्या अंगात ताप आहे. आणि तान्ही मुलं सगळी सारखीच रडतात गं..."

"उठा," ती म्हणाली, आणि बापाचं मनगट धरून त्याला उन्हात ओढलं.