गुलाबरावांचं कोरडं फडकं

त्यांचं खरं नाव बेकरीच्या मालकालाही पगाराच्या दिवशीच आठवतं. एरवी सगळ्या गल्लीत ते गुलाबराव. केकवर बसवायची साखरेची फुलं करणं हा त्यांचा धंदा, आणि त्यातही गुलाब असा, की एका लग्नातल्या केकवर म्हणे मधमाशी येऊन बसली होती. मधमाशी नव्हे, साधी माशी होती असं सांगणारेही आहेत. पण चांगल्या कामात माशी शोधणारे सगळीकडेच असतात.

अशा माणसाला मधुमेह व्हावा, यावर गल्लीने किती विनोद करावेत? गल्लीने झाडून सगळे केले. "साखरेचं खाणार त्याला देव देणार," असं न्हाव्याने गालावर वस्तरा धरून ऐकवलं. गुलाबराव हसले होते. तेव्हा ते हसायचे. बायको होती तेव्हाची गोष्ट.

बायको गेल्यावर ते रडले नाहीत. लोक भेटायला आले, त्यांना खुर्च्या दिल्या. लोक गेले, खुर्च्या उचलून ठेवल्या. लगेच कामावर हजर झाले तेव्हा मालक म्हणाला, "अहो, थोडा आराम करा."

"कशाचा?" गुलाबरावांनी विचारलं. टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच कळलं नव्हतं.

बेकरीत खिडकीजवळ त्यांचं टेबल. तिथे बसलं की हात चालायचे, आणि हात चालायचे तोवर उरलेल्या गुलाबरावांना कोणी काही विचारत नसे. एवढीच त्यांची सोय होती.

साखर तपासायचं छोटं मशीन पूर्वी बायकोच्या ताब्यात असे. आता ते स्वतः तपासत. सुई बोटात जायची, लाल थेंब यायचा, तो पट्टीला लावायचा. दुखत नसे. शेजारच्या माणसाच्या बोटाला काहीतरी चाललंय आणि आपण सहज बघतोय, असं वाटायचं. मग दुसऱ्या गावी राहणाऱ्या लेकीचा फोन यायचा आणि ते आकडा सांगायचे.

"दोनशे ऐंशी."

"बाबा! उपाशीपोटी? काल काय खाल्लंत?"

"भाजी-पोळी."

"आणि?"

"आणि पाणी."

"आई होती तेव्हा साखर सव्वाशेच्या वर कधी जात नव्हती. खरं सांगा, बेकरीत काही तोंडात टाकता ना?"

"नाही गं."

लेकीचा विश्वास बसेना. डॉक्टरांनी आकडे ऐकून गोळी वाढवली, आणखी वाढवली. आकडा मात्र हटवाद्यासारखा वरच. समोरच्या घरातल्या वहिनींनी तर निकालच देऊन टाकला. या वहिनींना सगळं आधी कळतं. एखाद्या घरात भांडण व्हायचं असेल तर नवराबायकोच्या आधी त्यांना ठाऊक असतं. जिन्यात उभ्या राहून त्या म्हणाल्या, "तळं राखील तो पाणी चाखील. बिचाऱ्यांना रागवायला घरात आहे कोण?"

हे गुलाबरावांनी दाराआडून ऐकलं. राग आला नाही. उलट वाटलं, खरंही असेल. आपण झोपेत उठून खात असू. हल्ली आपल्याला आपलं काय कळतंय? म्हणून त्यांनी स्वयंपाकघरातल्या साखरेच्या डब्याला सुतळी गुंडाळली आणि गाठ मारली. सकाळी गाठ जशीच्या तशी, आणि मशीन म्हणतंय तीनशे. गाठ साक्षीदार, मशीन फिर्यादी, आणि आरोपीला काहीच आठवत नाही. असा खटला चालायचा तरी कसा?

त्यातच दुपारी हात थरथरायला लागले. अंगाला घाम सुटायचा, डोळ्यांपुढे टेबल हलायचं, पाकळी तुटायची. मालकाने एक फूल उचलून उजेडात धरलं. "गुलाबराव, हा गुलाब म्हणायचा की कोबी?"

सगळे हसले. गुलाबरावांनी ते फूल घेतलं, मोडलं आणि भांड्यात टाकलं. घरी येऊन तपासलं, तर दोनशे नव्वद. साखर चढली म्हणूनच हे होतंय, असं धरून ते काही न खाता भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

ही थरथर फोनवर निसटती बोलून गेले, आणि लेकीने हुकूम सोडला. "बास. मी शनिवारी येते. माझ्यासमोर तपासायचं. आकडा खाली नसेल तर बेकरी बंद, आणि सामान बांधून माझ्याकडे यायचं."

"तिथे मी काय करू?"

"काही करायचं नाही. बसायचं."

फोन ठेवल्यावर ते बराच वेळ आपले हात बघत बसले. बसायचं. म्हणजे खिडकीजवळचं टेबल गेलं.

शनिवारी दुपारी ते कामावरून आले तेव्हा लेक येऊन बसली होती, आणि लेकीच्या मागोमाग वहिनीही. ("सहज आले हो," असं त्या म्हणाल्या, त्या सहजच येतात.) गुलाबरावांच्या कपाळावर घाम होता. लेकीने मशीन पुढे ठेवलं.

"करा. आणि हात स्वच्छ करून घ्या हं."

त्यांनी खांद्यावरचं फडकं ओढलं, एकेक बोट निगुतीने पुसलं, सुई टोचली. मशीन म्हणालं, तीनशे चार.

लेक उठली आणि तिने कपाटावरची बॅग खाली काढली.

"बघा, भाऊजी," वहिनींनी संधी साधली. "जिभेला लगाम हवा. माझं बघा, चहासुद्धा बिनसाखरेचा. विश्वास नसेल तर तपासा माझी! कर नाही त्याला डर कशाला?"

"द्या हात," गुलाबराव म्हणाले. पाहुण्याचं बोट आहे, म्हणून त्यांनी नवी सुई घेतली आणि बोट जरा जास्तच काळजीने पुसलं. अगदी पाकळी हाताळावी तसं.

मशीन म्हणालं, तीनशे एकेचाळीस.

वहिनींनी जी किंकाळी फोडली, ती त्यांच्या नवऱ्याला समोरच्या घरात ऐकू गेली. "काय झालं गं?"

"अहो, मला साखर झाली!"

"तुला?" आतून आवाज आला. "तुझ्यात कुठून आली?"

त्याही स्थितीत लेकीला हसू फुटलं. मग तिचं हसू थांबलं. तिने वडिलांच्या हातातलं फडकं घेतलं, उलटंसुलटं करून पाहिलं, आणि त्याचं टोक जिभेला लावलं.

"बाबा, हे कसलं फडकं?"

"कामाचं. बेकरीतून रोज नवं घेतो, दुसऱ्या सकाळपर्यंत तेच वापरतो. चांगलं स्वच्छ असतं."

"गोड लागतंय!"

"लागणारच. पिठीसाखर भुरभुरलेली असते. नाहीतर फूल बोटाला चिकटतं."

"आणि तपासण्याआधी तुम्ही हात धूत नाही?"

"पाण्याने?" गुलाबरावांनी तिच्याकडे असं बघितलं, जणू तिने केकवर बादली ओतायला सांगितली होती. "ओल्या हाताने पाकळी विरघळते. हात स्वच्छ म्हणजे कोरडा हात."

आयुष्यभर जे हाताला शिकवलं, ते हात घरी येऊन कसे विसरणार? साखरेची चौकशी सगळीकडे झाली होती: ताटात, डब्यात, जिभेवर. साखर बसली होती बोटाच्या टोकावर, आणि तिला तिथे नेऊन बसवणारं फडकं खांद्यावर. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

"मग आई असताना?" लेकीने हळूच विचारलं.

गुलाबरावांनी आठवून पाहिलं. ती दंडाला धरून मोरीशी न्यायची. साबण पुढे करायची. 'आधी तो तुमचा धंदा धुवून या, मग माझ्या मशीनला हात लावा.' ते पुटपुटत हात धुवायचे. हा तिचा स्वभाव आहे, असंच धरून चालले होते ते. ते तपासणीतलंच काम होतं, हे कोणी सांगितलं नव्हतं. कदाचित तिलाही ठाऊक नसेल.

"चला," लेक म्हणाली, आणि तिने त्यांना दंडाला धरून मोरीशी नेलं. साबण, पाणी, टॉवेल. नवी पट्टी.

अठ्ठावन्न.

आता लेकीचा चेहरा उतरला. इतके दिवस खोट्या आकड्यांवर खऱ्या गोळ्या पोटात गेल्या होत्या. ती थरथर, तो घाम साखर चढल्याचा नव्हताच; उतरल्याचा होता. ती धावत स्वयंपाकघरात गेली, डबा काढला, आणि सुतळी बघून थबकली.

"ही गाठ कोणी मारली?"

"मीच."

नखाने सुटेना. शेवटी तिने दाताने तोडली. पाण्यात साखर ढवळून पेला त्यांच्या ओठाला लावला, आणि ज्या लेकीने महिनाभर साखरेवरून उलटतपासणी घेतली, तीच म्हणत राहिली, "प्या बाबा. सगळं प्या."

ते प्यायले. गोड होतं, एवढं कळलं. थोड्या वेळाने हातांची थरथर थांबली, आकडाही वर आला. डॉक्टरांनी फोनवर सगळं ऐकून घेतलं, त्या दिवसाची उरलेली गोळी बंद करायला सांगितली आणि सोमवारी दवाखान्यात बोलावून पुढची कमी केली. वहिनींनीही हात धुऊन पुन्हा तपासलं. ब्याण्णव. सुटकेचा श्वास टाकताना त्या किंचित हिरमुसल्या, असं त्यांच्या नवऱ्याचं मत आहे. मोठी बातमी हातची गेली ना. पण संध्याकाळपर्यंत जिन्यात कळलं होतं, की भाऊजींचा जीव त्यांनीच वाचवला. आणि गंमत म्हणजे, ते खोटंही नव्हतं.

बॅग पुन्हा कपाटावर गेली. लेक दवाखान्याचं आटपून परत गेली. जाताना तिने मशीनच्या शेजारी साबणाची नवी वडी ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुलाबरावांनी मोरीशी उभं राहून हात धुतले, टॉवेलने पुसले, सुई टोचली. दुखलं नाही. फोन आला.

"एकशे एकवीस," ते म्हणाले.

"बघा! आता जा कामावर. आणि बाबा, पाण्याचा आवाज कसला येतोय?"

"नळ चालू आहे."

"मग बंद करा ना."

"करतो," ते म्हणाले, आणि फोन ठेवला. बेकरीत लग्नाचा केक वाट बघत होता, चार डझन गुलाब करायचे होते, आणि ओल्या हातांचा तिथे काही उपयोग नव्हता. तरी त्यांनी धुतलेले हात पुन्हा नळाखाली धरले. कोणी दंड धरलेला नव्हता. पाणी गार होतं की कोमट, तेही नीटसं कळत नव्हतं. ते तसेच उभे राहिले.