चीनचं गरम पाणी आणि ह्यांची अन्ननलिका

डॉक्टर म्हणाले, “सर, अन्ननलिकेचा कॅन्सर आहे. इतके महिने काय करत होतात?” ह्यांच्याऐवजी मीच सांगितलं, “गरम पाणी पीत होते.”

माझे यजमान चीनच्या इतिहासाचे प्राध्यापक. तरुणपणी तिकडे दोन वर्षं राहून आले. तेव्हा विरारजवळच्या वटार गावात मी केळीची वाडी आणि सासू सांभाळत होते. तिकडून आल्यापासून ह्यांना दिवसभर वाफाळतं पाणी लागायचं. चिनी माणूस सर्दीला, पोटदुखीला, काळजीलासुद्धा गरम पाणी पितो, असं लेखात लिहायचे.

गेल्या वर्षी भाकरी अडकायला लागली. मग भातही. प्रत्येक घास गरम पाण्याने खाली ढकलायचे. मी म्हटलं, “अहो, विरारला दाखवू या.” म्हणाले, “चौथी शिकलेल्या बाईने मला सांगायचं? तिकडे ऐंशीची माणसं हेच करतात.”

मी पुन्हा विषय काढला नाही. अपमान झाला म्हणून गप्प बसले, आणि गाठ वाढत राहिली. ही चूक माझी.

शेवटी पाणीही उलटायला लागलं, तेव्हा विरारच्या दवाखान्यात आले. एन्डोस्कोपी म्हणजे तोंडातून कॅमेऱ्याची नळी घालून आत बघतात. बायॉप्सी म्हणजे आतला बारीक तुकडा काढून तपासतात. बाकावर बसल्या बसल्या हे चीनमधल्या दवाखान्यांची शिस्त सांगत होते. शेजारी मनवेलपाड्याची एक बाई होती. ती म्हणाली, “मग तिकडेच जायचं ना काका, इथे कशाला रांगेत?” मी हसले. त्यावरून हे माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत.

रिपोर्ट आला तो दिवस वर सांगितलाच. ह्यांनी विचारलं, “पाण्यानेच झालं?” डॉक्टर म्हणाले, “एकट्या पाण्याने, असं नाही सांगता येणार. पण चटका बसेल इतकं गरम वर्षानुवर्षं पिणं वाईटच. लवकर आला असतात तर ऑपरेशन करता आलं असतं.” आता कॅन्सर यकृतात पसरला होता. अशा पसरण्याला मेटास्टेसिस म्हणतात.

पोटाला भोक पाडून फीडिंग ट्यूब, म्हणजे जेवण घालायची नळी, बसवली. डोकं उंच ठेवायचं, पेज कोमट आणि गाळलेली हवी, नंतर पाणी घालून नळी धुवायची. नर्सने सगळं तीनदा दाखवलं. तिचे उपकार आहेत. तिने माझं शिक्षण विचारलं नाही.

तुमच्या घरी कुणाला घास अडकत असेल तर भांडा, पण दवाखान्यात न्या. माणूस शिकलेला असेल तर जास्त भांडा.

ह्यांच्यापर्यंत जेवणाचा वास जाऊ नये म्हणून मी स्वयंपाकघराचं दार लावून जेवायचे. परवा ह्यांनी हाक मारली. आवाज पार बसलाय.

“तिकडे गोल टेबलाला सगळे एकत्र बसतात. बायकासुद्धा. इथे बस. माझ्यासमोर जेव.”

लग्न झाल्यापासून मी ह्यांच्यानंतरच जेवत आले. ताट घेऊन खाटेजवळ बसले. बोंबलाचं कालवण आणि भात होता. मी घास गिळला की ह्यांचाही कंठ हलायचा.

“आंबट झालंय?” ह्यांनी विचारलं.

“नाही. बरोबर आहे.”

रडत जेवले असं लिहिलं तर खोटं होईल. भूक लागली होती. मी पुन्हा भात वाढून घेतला.