अण्णांचं कोरं पायताण

आज कोल्हापूरच्या राजारामपुरीत टाइल्सच्या दुकानात माझं पार हसं झालं.

अंगणातली जुनी शहाबादी फरशी काढून चकचकीत टाइल्स घालायचं ठरलंय. दुकानदार म्हणाला, "काका, बिनघोर घ्या. घसरत न्हाय की!" मी बाटलीतलं पाणी टाइलवर ओतलं आणि चालून बघितलं. दुसऱ्याच पावलाला सटकलो. सगळं दुकान हसलं.

पण ही माझ्या वडिलांची, अण्णांची रीत. पंच्याहत्तर साली ते हीच शहाबादी फरशी निवडायला मुद्दाम कोरं कोल्हापुरी पायताण घालून गेलते. कोरं चामडं ओल्यात सगळ्यात जास्त घसरतं ना! आई अजून हसत सांगते, ओल्या फरशीवर त्यांच्या फेऱ्या बघून दुकानदार ओरडला, "पावणं, फरशी घ्यायला आलाय का नाचायला?"

अण्णा म्हणाले, "बायको दोन जिवाची हाय. धुण्याची बादली घिऊन तीच चालणार न्हवं ह्यावरनं?"

त्यातला दुसरा जीव म्हणजे मी.

घरी आलो, तर ऐंशीची आई अंगणातल्या त्याच ओल्या फरशीवरून काठीशिवाय निवांत चालली होती. अण्णा जाऊन किती वर्षं झाली, पण तिला अजून पडू दिलं नाही त्यांनी.

तुमच्या अंगणातली फरशी कुणाच्या पायांसाठी निवडली होती हो?