आत काय जोडलंय

कारखान्याच्या कॉम्प्युटर सेंटरमध्ये मला खरं काम शिकवलं ते आमच्या सरांनी. ते मूळचे नागपूरचे, बोलायला फटकळ. आमच्या त्या मोठ्या मशीनवर प्रोग्रॅमचे तुकडे वेगवेगळे कंपाइल करायचे, म्हणजे मशीनच्या भाषेत आणायचे, आणि मग एकत्र जोडायचे. जोडून झालं की सर लगेच त्याच्या आतली मांडणी पडद्यावर काढत: कोणता तुकडा, कोणत्या तारखेला तयार झालेला. वाढण्याआधी बाई वरण चाखून बघते तसं. "आत काय आहे ते आधी पाह्य, मग बोल," हे ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

एका सोमवारी शिफ्टचा तक्ता चुकला. पाळ्यांचा क्रम बदलला होता, तक्ता मात्र जुन्याच क्रमाने छापून गेला. इंद्रपुरी वस्तीतली कामगार माणसं भलत्याच वेळी गेटवर येऊन उभी राहिली आणि त्यांच्या फोरमनने आमच्याकडे येऊन हिंदीत आमची यथेच्छ हजेरी घेतली. प्रोग्रॅममध्ये तो बदल सरांनी स्वतः केला होता आणि सर त्या वेळी मीटिंगमध्ये होते.

मी त्यांनी लिहिलेलं वाचलं. अगदी बरोबर होतं. मला हायसं वाटलं, आणि मी खुशाल मशीनला शिव्या घातल्या. मग त्यांच्याच शिकवणीप्रमाणे जोडलेल्या प्रोग्रॅमच्या आत बघितलं. पाळ्यांच्या तुकड्यावर गेल्या वर्षीची तारीख होती. नवा तुकडा तयार करून सरांनी जुनाच जोडला होता आणि नंतर आत बघितलंच नव्हतं. चूक कोणाकडूनही होते, पण सरांनी न बघता प्रोग्रॅम सोडावा हे मला पटेना. मी त्या महिन्यातली त्यांची इतर कामं उघडली. आणखी दोन ठिकाणी तेच झालेलं होतं. मला भीती वाटली.

सर आल्यावर मी त्यांना दाखवलं. चष्मा लावून ते बराच वेळ बघत राहिले.

"हे कोणी जोडलं?"

चालू प्रोग्रॅम जोडायची परवानगी फक्त त्यांना होती. "तुम्हीच, सर," मी म्हणाले. त्यांनी मान हलवली, स्वतःचा पासवर्ड टाकला आणि मला नीट जोडायला सांगितलं. माझं काम होईपर्यंत ते शेजारीच बसले होते. मग पडद्याकडे बघून त्यांनी त्याच सुरात विचारलं, "हे कोणी जोडलं?"

"मी, सर."

"आत पाहिलंस?"

मला रडू आलं. मी हो म्हणाले.

संध्याकाळी मी त्यांना क्वार्टरवर सोडायला गेले. ते हातपाय धुवायला गेल्यावर त्यांच्या बायकोने, काकूंनी, मला स्वयंपाकघरात बोलावलं. चहाचं आधण ठेवत हलक्या आवाजात सांगू लागल्या: टी. टी. नगरच्या बाजारातून परत यायचा रस्ता सरांना सापडला नव्हता, कोणीतरी रिक्षात बसवून दिलं. धाकट्या लेकीला परवा मोठीच्या नावाने हाक मारत राहिले. डॉक्टरकडे जायचं नाव काढलं की चिडतात.

"पण ऑफिसात ठीक असतात ना गं?" त्यांनी विचारलं. "तिथं तर त्यांचं डोकं चालतं ना? त्याच भरवशावर आहे मी."

हो म्हणावं असं मला फार वाटलं.

"नाही, काकू," मी म्हणाले.

त्यांनी गॅस बंद केला आणि तिथेच फरशीवर खाली बसल्या.