कंबरेत सैल, मांडीत घट्ट

माझा मामा शिंपी, आणि हट्टीपणात त्याचा हात कुणी धरणार नाही. जन्मभर मशीनसमोर बसून पाय काटकुळे झालेले आणि पोट मात्र थेट फळीला टेकलेलं. व्यायामाचं नाव काढलं की म्हणायचा, मशीन पायानेच चालवतो ना, आणखी काय करू?

मग मामीला अर्धांगवायूचा झटका आला. डावी बाजू लुळी पडली, जीभ जड झाली. पण जिभेची धार होती तशीच राहिली, हे आमचं नशीब. तिला पलंगावरून खुर्चीत बसवायला दोघं लागायचे. मी शेजारच्याच गल्लीत राहते, म्हणून कामावर जाण्याआधी आणि आल्यावर जायचे. मधल्या वेळात ती पडूनच. एकदा मामाने एकट्याने प्रयत्न केला. त्याचे गुडघे लटपटले आणि दोघंही पलंगावर कोसळले. मामी हसली, पण मामाचा चेहरा पांढराफटक पडला होता.

ते ऐकून परगावी राहणारा त्यांचा मुलगा धावत आला. आईला शुश्रूषाकेंद्रात ठेवायचं, त्याने ठरवूनच टाकलं. मी त्याच्याशी कडाकडा भांडले. खरं सांगायचं तर तो वाईट नाही, घाबरला होता. शेवटी घरी येणाऱ्या फिजिओथेरपीच्या मुलीने मध्यस्थी केली. उन्हाळा संपेपर्यंत थांबा, काकांना तयार करते. तेव्हा एकट्याने नीट उचलता आलं तर काकू घरी राहतील, नाहीतर तुम्ही म्हणाल तसं.

झालं, मामाचा व्यायाम सुरू झाला. हात न टेकता खुर्चीतून उठायचं, जिना चढायचा, कापडाचे तागे छातीशी धरून पुढच्या खोलीतल्या दुकानभर फिरायचं. कुरकुर तर विचारू नका. म्हणून त्या मुलीने त्याला समजावलं, की स्नायू नुसते वजन उचलत नाहीत. ते कामाला लागले की हार्मोनसारखे पदार्थ रक्तात सोडतात. ते चरबीपर्यंत, यकृतापर्यंत, हाडांपर्यंत पोचतात. त्यातला एखादा म्हणे साठलेल्या चरबीला जळायला लावतो. माणसात हे नेमकं किती घडतं, यावर अजून शास्त्रज्ञांचं एकमत नाही, हेही तिने सांगून टाकलं. मला तिचं हे आवडलं, उगाच फेकत नव्हती.

"म्हणजे मांडी पोटाला निरोप धाडते?" मामाने विचारलं.

"पोट तुमच्यावर गेलंय," मामी पलंगावरून म्हणाली. "ते कुणाचं ऐकणार?"

आणि खरंच ऐकत नव्हतं, असं आम्हाला वाटत होतं. मामा दर आठवड्याला वजनकाट्यावर उभा राहायचा आणि काटा जागचा हलायचा नाही. आधी तो चिडला, मग हिरमुसला. उन्हाळा सरत आला तेव्हा एके दिवशी मी गेले, तर हा मशीनवर बसलेला. तागे कोपऱ्यात. म्हणाला, मुलाला कळव, काय करायचं ते कर म्हणावं. माझ्याच्याने होत नाही. एवढं बोलून त्याने मान खाली घातली आणि मशीन चालवायला लागला. सुईखाली कापडच नव्हतं.

माझं डोकं फिरलं. बायकोला घराबाहेर पाठवायला निघालास आणि वर मशीन काय चालवतोस, असं बरंच बोलले. रागाच्या भरात दोरीवरचे कपडे ओढून घड्या घालायला लागले. हातात त्याची पँट आली. कंबरेच्या आतल्या बाजूला शिवणीच शिवणी, प्रत्येकीचा दोरा वेगळा.

"मामा, ही कितीदा आत घेतलीस?"

"सैल झाली की घेतो. हल्लीच्या कापडात दम नाही, ताणलं जातं."

मी मांडीची शिवण पाहिली. ती उसवून सैल केलेली. हे काय म्हणून विचारलं, तर म्हणाला, धुवून आटलं.

मी त्याच्याकडे बघतच राहिले. अरे देवमाणसा, एकच कापड कंबरेत ताणलं जातं आणि मांडीत आटतं? सवयीने हात आपोआप काम करत गेले आणि हा मात्र बिचाऱ्या कापडाला शिव्या घालत बसला. दुसऱ्या दिवशी त्या मुलीने ती पँट पाहिली आणि खो खो हसली. मग म्हणाली, काका, चरबी गेली, तिच्या जागी स्नायू आले. काट्याला त्यातला फरक कळत नाही. मामा उठला आणि त्याने कोपऱ्यातला तागा उचलला.

ठरल्या दिवशी मुलगा आला. तो दाराशी उभा, मी भिंतीला चिकटून. मामा शिकवल्याप्रमाणे गुडघ्यात वाकला, मामीला कंबरेला धरलं, तिने उजवा हात त्याच्या मानेत टाकला. तो उठला आणि तीही उठली. लटपट नाही, काही नाही. आता फक्त वळून खुर्चीत बसवायचं होतं.

"थांबा हो," मामी म्हणाली. "लगेच बसवू नका."

मामा थांबला. आजारपणानंतर ती पहिल्यांदाच धड उभी होती. त्याच्या खांद्यावरून ती खिडकीतून खाली रस्त्याकडे बघत राहिली. मुलाने चष्मा काढून पुसला.

"समोरच्यांनी घराला रंग दिला," ती म्हणाली. "मला कुणी सांगितलंही नाही."