नळीचं नवं नाव आणि माफीचा कागद

मी जो काही आहे तो खंदारे सरांमुळे. आयटीआयला त्यांनी मला विजेचं काम शिकवलं, पुढं डिग्रीचा फॉर्मही स्वतःच भरला. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. हैदराबादला हिमायतनगरच्या एका ऑफिसात लागलो. अमेरिकेतल्या इमारतींच्या वायरिंगची ड्रॉइंग आम्ही इथं बसून करायचो.

तिकडच्या वीज-नियमांचं, म्हणजे कोडचं, नवं पुस्तक आलं होतं. वायरी ओढायच्या प्लास्टिकच्या नळीला जुन्या पुस्तकात नुसतं 'नॉनमेटॅलिक कंड्युट' म्हणायचे. धातूची नाही, एवढंच. नव्यात ती कशाची ते नावातच आलं. पीव्हीसीची तर पीव्हीसी. दुसऱ्या प्लास्टिकला दुसरं नाव, दुसरे नियम. आमच्या ड्रॉइंगवर मात्र जुनंच नाव जात होतं. मीटिंगमध्ये मी उभा राहिलो. पान उघडून पुस्तक साहेबांपुढे ठेवलं.

साहेब इथल्या जुन्या मराठी घराण्यातले. तीन पिढ्या सरकारी हुद्दे. त्यांनी ओला टिश्यू काढला. पुस्तक मिटलं. माझा हात लागलेलं कव्हर पुसलं. सगळ्यांदेखत. सावकाश.

"क्या रे, जातीच्या सर्टिफिकेटवर पास झालेले आता आम्हाला कोड शिकवणार? तुझ्या घरी वीज कधी आली रे?"

सगळे हसले. मीही हसलो. "सॉरी सर," म्हणालो. ते माझं हसणं मला अजून जाळतं.

ड्रॉइंग जुन्याच नावानं गेली. काही आठवड्यांनी तक्रार आली. साइटवर भलत्याच प्लास्टिकची नळी स्लॅबमध्ये गाडली गेली होती. आता फोडावं लागणार होतं.

साहेबांनी माझ्या टेबलावर टाइप केलेला कागद टाकला. चूक माझी. निष्काळजीपणा माझा. माफी असावी.

"सही कर. माफी मागायला तुम्हाला काय लागतं? वाडवडिलांपासूनची सवय आहे."

अंबरपेठचा श्रीनू रोज माझ्याबरोबर डबा खायचा. तो स्क्रीनकडे बघत राहिला.

मी ड्रॉइंग काढलं. 'तपासणारा' या चौकटीत साहेबांची सही. तिच्यावर बोट ठेवलं.

"सर, इथं तुम्ही आहात. मी सांगत होतो तेव्हा तुम्ही पुस्तक पुसत होता."

"चल, निकल."

बाहेर येऊन खंदारे सरांना फोन लावला. सर घाबरले. "बाळा, माग माफी. नोकरी टिकव. आपल्याला नाही परवडत."

मी फोन ठेवला. चार दिवसांनी खोलीवर बसून त्यांना पत्र लिहिलं:

आदरणीय सर, सप्रेम जय भीम.

पहिल्यांदाच तुमचं ऐकत नाही, रागावू नका. सही केली नाही. नोकरी गेली. याला घेऊ नका म्हणून साहेबांनी सिकंदराबादच्या दोन ऑफिसांत फोन केलेत, असं कानावर आलंय. मी तिथंही जाणार आहे. का काढलं म्हणून विचारलं, तर टिश्यूपासून सगळं सांगणार आहे, साहेबांच्या नावासकट. उपकार मी फक्त तुमचे मानतो. मला इथवर आणायला तुम्ही कुणाकुणाची माफी मागितलीत, ते कधी सांगितलं नाहीत. मी कुणाची मागणार नाही.